फिनिक्सच्या बॅकयार्डमधे आंबा, चिकू, सीताफळ: उन्हाचं काय करायचं?

अंगणवेडी (चँडलर)
नमस्कार मंडळी. आम्ही बे एरियातून चँडलरला शिफ्ट झालोय, म्हणजे ॲरिझोनात फिनिक्सच्या बाजूलाच. पहिल्यांदाच स्वतःचं बॅकयार्ड मिळालंय. सध्या तिथे बिल्डरने टाकलेली खडी, दोन लँटाना आणि पश्चिमेला ब्लॉकची भिंत एवढंच आहे. माझं माहेर राजापूरकडचं, त्यामुळे डोक्यात पहिलं झाड हापूस, मग चिकू, सीताफळ, पेरू, जमलं तर केळी आणि कढीपत्ता. ओळखीतल्या दोघांचे आंबे जुलैत करपून गेले, दोघंही म्हणतात ऊन सोसलं नाही, ११५ फॅरनहाईटला कुठला आंबा जगणार. पण ११५ म्हणजे ४६ सेल्सिअस, आणि चंद्रपूरला मे महिन्यात तेवढं असतंच की, तिथे आंबे उभे असतात ना? मग इथेच काय होतं? शेडनेट, रोज पाणी, अजून काय करायचं? इथे किंवा दुबई, मस्कत, राजस्थान कुठेही कोणी लावून फळ खाल्लं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

मेसाकर
ताई, चंद्रपूरचा मुद्दा बरोबर पकडलात. उन्हाने आंबा मरत नाही, निदान एकट्या उन्हाने तरी नाही. चंद्रपूरला मे महिनाभर तापतं आणि जूनमधे पाऊस येऊन सगळं धुऊन काढतो. इथे वर्षाचा पाऊस जेमतेम ७ इंच, आणि वर्षभरात हवा जमिनीतून आणि पानांतून ७० इंचाच्या वर पाणी ओढून घेते, ती तूट तुम्ही नळाने भरता, आणि नळाचं पाणी येतं कोलोराडो नदीतून ३३६ मैलांच्या कालव्याने नाहीतर सॉल्ट रिव्हरमधून. दोन्ही खारट. कोलोराडोचं साधारण सहाशेच्या आसपास पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात सहाशे भाग क्षार. पिऊन फारसं कळत नाही पण झाडाला कळतं, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मातीत राहतात, केटलीच्या तळाला जो पांढरा थर धरतो तसाच.

आता बघा लोक काय करतात. ऊन वाढलं की रोज संध्याकाळी पाइप धरून दोन मिनिटं पाणी. ते वरच्या चार-सहा इंचातच जिरतं आणि तिथेच सुकतं. मुळंही तिथेच राहतात कारण खाली ओल नाही, आणि क्षारही नेमके तिथेच साचतात. पानांची टोकं तपकिरी होतात. मग म्हणतात ऊन लागलं, आणि पाणी दोनाचं तीन मिनिटं करतात. जुलैपर्यंत झाड संपलं.

करायचं उलटं. पाणी द्याल तेव्हा दोन-तीन फूट खोल गेलं पाहिजे आणि मग वरचे दोन इंच सुकेपर्यंत हात लावायचा नाही. पाणी दिल्यावर काही तासांनी एक लोखंडी सळई हाताने जमिनीत दाबायची, ओल आहे तिथपर्यंत आरामात जाते आणि कोरडं लागलं की अडते. किती खोल भिजलं ते लगेच कळतं, मीटर-बिटर काही नको. नवं कलम असेल तर पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी द्यावं लागेल, मोठं झाड आठवडा-दहा दिवस काढतं. आळं खोडाशी लहानसं करू नका, फांद्यांच्या टोकांच्या बाहेरपर्यंत करा आणि झाडाबरोबर वाढवत न्या. आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा मुद्दाम दुप्पट पाणी, म्हणजे साचलेले क्षार मुळांच्या खाली ढकलले जातात.

आमच्या मेसाच्या जुन्या वस्तीत एसआरपीचं (सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट, इथली पाणी पुरवणारी संस्था) पाटपाणी आहे. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते, अंगणाला चहूबाजूंनी बांध असतात, व्हॉल्व्ह उघडला की सगळं अंगण घोटाभर पाण्यात. पाळी कधीकधी रात्री दोनला पण येते ते सोडा :) पण तेवढ्या पाण्याने मीठ आपोआप खाली जातं. चँडलरच्या नव्या वसाहतीत हे बहुतेक नसेल, ड्रिपवरच भागवावं लागेल, मग एका झाडाला एक ड्रिपर असं नको, पाच-सहा लांब लांब पसरून लावा आणि तासनतास चालवा.

अजून एक, घरात वॉटर सॉफ्टनर असेल तर बागेचा नळ त्याच्या आधीच्या लाइनवर आहे ना ते तपासा. सॉफ्टनरमधलं सोडियम झाडाला फार वाईट.

पानफूल (गिल्बर्ट)
मेसाकरकाकांना +१. फक्त सगळ्याचं खापर मिठावर नको, पानं नीट बघायला शिका म्हणजे ९०% निदान घरीच होतं. जुन्या पानांची टोकं आणि कडा तपकिरी म्हणजे क्षार. पानाच्या मधोमध, नेमका उन्हाकडे तोंड असलेला भाग पांढरट भाजल्यासारखा म्हणजे ऊन. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, म्हणजे लोह मिळत नाहीये. इथल्या मातीचा पीएच ८ च्या आसपास आणि चुना भरपूर, त्यामुळे मातीत लोह असून मुळांना घेता येत नाही. कढीपत्ता तर हमखास पिवळा पडतो, सगळ्या ग्रुप्सवर तोच फोटो! चिलेटेड आयर्न (मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह) घ्याल तेव्हा डब्यावर ईडीडीएचए लिहिलंय का बघा, ईडीटीए वालं स्वस्त असतं पण एवढ्या पीएचला टिकत नाही, पैसे पाण्यात.

कलमवाला (रत्नागिरी)
धागा वाचून गंमत वाटली. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जांभा दगड, माती आम्लधर्मी, समुद्राची हवा. हापूस या सगळ्यावर वाढलेला आहे. तुमच्याकडे चुनखडीची माती, खारं पाणी, कोरडी हवा, म्हणजे नेमकं सगळं उलट. आमच्या कातळावरच्या बागेतसुद्धा उघडी जमीन तापली की हापुसात साका होतो. बाहेरून फळ सोन्यासारखं आणि कापलं की आत पांढरट स्पंजासारखं. त्याचं एक मोठं कारण जमिनीतून वर येणारी धग, म्हणून झाडाखाली गवत-पातेरा अंथरतात. तुमच्या खडीवर काय होईल विचार करा. शिवाय हापूस एक वर्षाआड धरतो तो इथेसुद्धा.

दापोलीच्या विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून रत्ना काढला तो १९८१ साली, त्यात साका नाही. पण तो तुम्हाला तिकडे मिळेल का शंका आहे. बॅगेतून कलम आणायचा विचार असेल तर नको, परवान्याशिवाय झाड नेता येत नाही, विमानतळावर काढून घेतात.

माझं मत स्पष्ट सांगतो, हापूसचा हट्ट सोडा. तो पेटीतून येतोय तेच बरं. (२००७ पासून विकिरण करून तिकडे येतो, भाव विचारू नका म्हणे.)

अंगणवेडी
कलमवालादादा, काळजाला हात घातलात! पण मुद्दा पटतोय. मग लावू काय? आणि ती खडी काढायची का? नवरा म्हणतो खडीनेच पाणी टिकतं.

मेसाकर
झाडाभोवतालची तरी काढा. दुपारी खडीला हात लावून बघा आणि मग नवऱ्यालाही लावायला सांगा (दिवे घ्या). दिवसभर तापते आणि रात्रभर धग सोडत बसते. इथे खरा त्रास दुपारच्या आकड्याचा नसतो, रात्रीचा असतो. २०२३ ला ३० जून ते ३० जुलै सलग ३१ दिवस ११० किंवा त्याच्या वर गेलं हे सगळ्यांना माहीत आहे, पण १९ जुलैला पहाटेचं किमान ९७ होतं हे कोणी बोलत नाही. त्या उन्हाळ्यात शंभर वर्षांचे सग्वारो निवडुंग कोसळले, जे इथलेच आहेत. ते रात्री श्वास घेतात आणि रात्र गारच झाली नाही. मग खडी, काँक्रीट आणि पश्चिमेची भिंत यांच्या मधे लावलेल्या दोन फुटी कलमाची काय कथा.

खडीऐवजी लाकडाचा चुरा. झाडं कापणारे लोक फुकट टाकून जातात, नुसतं विचारायचं. चार-सहा इंच जाड थर, खोडापासून वीतभर लांब. कुजत जातो तसतशी माती सुधारते, गांडुळं येतात, खरं सांगतो ॲरिझोनात गांडुळं.

जागा म्हणाल तर घराच्या पूर्वेला, सकाळचं ऊन आणि दुपारनंतर घराची सावली. पश्चिमेच्या भिंतीजवळ आंबा-चिकू अजिबात नको. तिथे डाळिंब, अंजीर लावा, त्यांना काही होत नाही. आणि खालच्या फांद्या छाटायच्या नाहीत, झाड फ्रॉकसारखं जमिनीपर्यंत राहू दे, स्वतःच्या खोडाला स्वतःच सावली करतं. जे खोड उघडं पडेल त्याला पांढरा लेटेक्स पेंट निम्मं पाणी घालून फासायचा, साल भाजत नाही.

जातींमधे ग्लेन, कीट, मल्लिका बघा. मल्लिका तर आपलीच, नीलम आणि दशहरीची, झाड आटोपशीर राहतं. अल्फोन्सो नावाचं कलमही फ्लोरिडातून मिळतं पण कलमवाले म्हणतायत ते खरंय, फळ फार कमी धरतं. खुंट (ज्या रोपाच्या मुळांवर कलम बांधलंय ते) कोणता आहे हेही विचारा, मिठाशी झुंज खुंटाची असते, वरच्या जातीची नाही. इस्रायलने १३-१ नावाचा खुंट निवडला तो खारं पाणी आणि चुनखडी दोन्ही सोसतो म्हणून. इथे तो सहसा मिळत नाही, इथले बरेच जण मनिला आंब्याची रोपं लावतात आणि मग त्यावर हव्या त्या जातीची काडी भरतात.

खाडीपार (शारजा)
आम्ही इकडे विला भाड्याने घेतलाय आणि मागे आंबा, शेवगा, पपई, कढीपत्ता आहे. माती म्हणजे नुसती वाळू, त्यात विकत आणलेली गोडी माती आणि शेणखत. इकडचा हुकमी उपाय सांगते, एसीचं पाणी! उन्हाळ्यात एसी चोवीस तास चालू असतो, पाइपमधून गळणारं पाणी म्हणजे हवेतलीच वाफ, त्यात क्षार जवळपास नसतातच. आमच्याकडे दमट हवा म्हणून बादल्या भरतात, तुमच्याकडे कोरड्या हवेत जूनमधे कमी मिळेल पण तुमच्या जुलै-ऑगस्टच्या मान्सूनच्या दिवसात बऱ्यापैकी मिळावं. पपईच्या रोपांना आणि कढीपत्त्याला मी तेच देते, बाकीच्यांना नळाचं.

आणि कधी अल ऐनचं ओअॅसिस बघितलंय का कोणी? वर खजुराची उंच झाडं, त्याच्या सावलीत आंबा, लिंबू, केळी, आणि खाली चारा. पाणी फलजमधून, म्हणजे डोंगराकडून जमिनीखालून आणलेल्या पाटाने, पाळीपाळीने. २०११ ला युनेस्कोच्या यादीत गेलंय. भर उन्हात रस्त्यावरून आत शिरलं की लगेच गार वाटतं. वाळवंटात आंबा एकटा उघड्यावर कोणी लावतच नव्हतं, हे तिथे गेल्यावर कळतं.

मेसाकर
खाडीपार, क्या बात है, हेच मला दुसऱ्या प्रतिसादात लिहायचं होतं आणि खडीवरच घसरलो. आधी सावली लावा, मग आंबा. खजूर वाढायला वेळ लागतो, म्हणून इथे शेवगा आणि तूर. मार्चमधे शेवग्याचं बी टाका, पावसाळ्यापर्यंत डोक्याच्या वर जातो. पश्चिमेच्या बाजूने शेवगा, मधे तूर, आणि त्यांच्या पूर्वेला आंबा. दोन-तीन वर्षांनी आंबा सावरला की शेवगा छाटत जायचा, फांद्या तिथेच खाली अंथरायच्या, शेंगा आमटीत. तोपर्यंत उन्हाळ्यात ३०-४०% चं शेडनेट, त्याहून दाट नको.

सग्वारो (टूसॉन)
सगळ्यांचा उत्साह मान्य, पण कोणीतरी विचारायला हवं म्हणून विचारतोय. २०२१ च्या ऑगस्टमधे कोलोराडोवर पहिल्यांदा अधिकृत पाणीटंचाई जाहीर झाली, ॲरिझोनाचा वाटा कापला, पिनाल काउंटीच्या शेतकऱ्यांचं कालव्याचं पाणी गेलं. आणि आपण वाळवंटात येऊन केळी लावायची? इथे बोर येते, खजूर येतो, डाळिंब, अंजीर, फालसा, मेस्कीटच्या (इथलं बाभळीसारखं काटेरी झाड) गोड शेंगा. जोधपूरच्या काझरीने (कोरड्या प्रदेशातल्या शेतीची संशोधन संस्था) बोरांवर इतकं काम केलंय ते अशाच हवेसाठी. मेडजूल खजूर १९२७ ला मोरोक्कोतून ११ फुटव्यांवर अमेरिकेत आला आणि आज युमाला बागाच्या बागा आहेत. जागेला मानवतं ते लावावं.

अंगणवेडी
सग्वारो, मुद्दा बरोबर आहे पण थोडं टोचलं. शेजारी स्विमिंग पूल आहे, पलीकडे हिरवंगार लॉन, दोन आंब्यांनीच नदी आटणार का?

पानफूल
लॉन काढून तेवढ्याच पाण्यात झाडं लावली तर मला काही वाईट वाटत नाही. पण केळीबाबत सग्वारोंशी सहमत. जूनच्या गरम वाऱ्याने पानांच्या चिंध्या होतात आणि पाणी रोज मागते. लावायचीच असेल तर बाथरूमचं किंवा वॉशिंग मशीनचं पाणी जिथे सोडता येईल तिथे एकच ठोंब (ॲरिझोनात त्याला नियम पाळून परवानगी आहे, साबण मात्र बोरॉन आणि मीठ नसलेला हवा). राजापुरी नावाचीच ठेंगणी केळी इथल्या नर्सरीत मिळते, वाऱ्याला आणि थंडीला त्यातल्या त्यात चिवट.

सग्वारो (टूसॉन)
टोचायचा हेतू नव्हता. पाणी कुठलं वापरता हाच माझा प्रश्न आहे. १००० चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला तर सहाशे गॅलनच्या वर पाणी होतं. तुमचं छप्पर दोन हजारचं असेल तर सात इंचात आठ हजारांच्या वर. ते सगळं सध्या गटारात जातं. पन्हाळीचं तोंड झाडाच्या आळ्याकडे वळवा, अंगणात उथळ खळगे करा, झाड खळग्याच्या काठाला. टूसॉनला पावसाचं पाणी साठवण्यावर काम करणाऱ्या ब्रॅड लँकेस्टरने रस्त्याच्या कडेचा दगड कापून रस्त्यावरचं पाणी झाडांना द्यायला सुरुवात केली तेव्हा ते बेकायदा होतं, आता शहरच करायला सांगतं. आणि पावसाच्या पाण्यात मीठ नसतं, तुमचे दोन्ही प्रश्न एकदम सुटतात.

मेसाकर
यावर वाद नाही. मान्सूनचं एक दणकून पाणी मिळालं की आंबा आठवड्यात नवी पालवी काढतो, नळाच्या पाण्याने महिन्यात काढत नाही.

टेंपेचा_विद्यार्थी
वाचतोय. खड्डा किती खोल? मी पहारीने दीड फूट खणलं आणि खाली सिमेंटसारखं पांढरं काहीतरी लागलं, पहार टणकन उडते.

मेसाकर
ती कॅलिची, चुन्याचा पक्का झालेला थर. खड्ड्यात पाणी भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी उतरलेलं असेल तर ठीक. तसंच साचून राहिलं तर एकतर थर फोडून आरपार भोक पाडायचं किंवा जागा बदलायची नाहीतर वर मातीचा उंचवटा करून लावायचं, तिसरा मार्ग कंबरेला बरा. खड्डा खोल नको, रुंद हवा. आणि आपली सवय असते खड्डा शेणखताने भरायची, ती इथे नको. पिशवीतलं स्टिअर मॅन्युअर (विकतचं गुरांचं शेणखत) तर फार खारट असतं. काढलेलीच माती परत भरा, जे काय खत-कंपोस्ट ते वरून.

अंगणवेडी
सीताफळाबद्दल कोणीच बोललं नाही!

पानफूल
मी आहे ना. :) माझ्या मते इथे आंब्याहून सीताफळ सोपं, फक्त फळ धरत नाही ही तक्रार. कारण फूल आधी मादी असतं, मग नर होतं, दोन्ही एका वेळी जुळत नाही, आणि जूनच्या कोरड्या हवेत मादीचा चिकटपणा सुकून जातो. परागीकरण करणारे बारीक भुंगेही इथे फारसे नाहीत. म्हणून हाताने करायचं. संध्याकाळी पाकळ्या पूर्ण उघडलेली फुलं काढून डबीत झटकायची, पिवळसर पावडर पडते ती फ्रिजमधे. सकाळी लवकर, पाकळ्या नुकत्या किलकिल्या झालेल्या फुलांत बारीक ब्रशने ती फिरवायची. आठवड्याने देठाशी हिरवा गोळा टिकला तर धरलं.

यात आपल्या सासवडकडच्या शेतकऱ्यांची युक्ती इथे फार चालते, बहार धरायची. हिवाळ्यात पानं गळतात, वसंतात फुलं येतात ती जूनमधे वाया जातात. म्हणून जूनच्या मध्याला फांद्यांची टोकं छाटून तिथली थोडी पानं ओरबाडायची, नवी फूट आणि फुलं येईपर्यंत मान्सूनची दमट हवा आलेली असते. फळ मग दिवाळीच्या आगेमागे.

कलमवाला (रत्नागिरी)
पानफूलताई, छान माहिती. आंब्याच्या मोहोराचं तिकडे काय होतं? थंडी किती?

पानफूल
इथे मोहोर डिसेंबर-जानेवारीतच यायला लागतो आणि तेव्हाच रात्री गार. रात्र ४० फॅच्या आसपास गेली की मोहोर वाया, किंवा बिनकोयीची लिंबाएवढी फळं धरतात जी पुढे वाढत नाहीत. त्यामुळे मी पहिला मोहोर खुडते, फेब्रुवारी-मार्चमधे दुसरा येतो तो टिकतो. लहान झाडाचा तर सगळाच खुडा. वर्षात दोन-चार रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडते, शहराबाहेर जास्त, आतल्या भागात काँक्रीटमुळे कमी. त्या रात्री फ्रॉस्ट क्लॉथ आणि आत जुन्या पद्धतीचे गरम होणारे ख्रिसमस दिवे, एलईडीने काही होत नाही. कापड पानांना न चिकटता जमिनीपर्यंत आलं पाहिजे आणि सकाळी काढायचं. दुपारी माती भिजवून ठेवा, ओली माती रात्री ऊब सोडते. पपईला मात्र उलट, हिवाळ्यात गार आणि ओलं एकत्र झालं की मुळं कुजतात, तिला पाणी तोडायचं.

टेंपेचा_विद्यार्थी
मी भाड्याच्या अपार्टमेंटमधे, बाल्कनी पश्चिमेची. कुंडीत काही जमेल का? (तो खड्डा मित्राच्या घरी खणत होतो.)

खाडीपार (शारजा)
काळी प्लॅस्टिकची कुंडी उन्हात ठेवलीस तर मुळं शिजतील. पांढरी कुंडी घे, किंवा कुंडी एका मोठ्या कुंडीत ठेवून मधे नारळाचा काथ्या भर. फरशीवर थेट नको, विटांवर ठेव. पेरू लाव, आंबा नको.

मेसाकर
किंवा फालसा. आणि दर महिन्याला कुंडीच्या भोकातून भरपूर वाहून जाईल इतकं पाणी एकदा दे, क्षार निघून जातात, फक्त आधी खाली कोण राहतं ते बघून घे.